राखण सुटली, म्हणून सडा उघडा पडला

गेल्या श्रावणात आमच्या कोकणातल्या गावाच्या ग्रामसभेत सड्यावरच्या, म्हणजे वरच्या जांभ्याच्या कातळी पठारावरच्या, चराईचा विषय निघाला आणि तासाभरात अर्धी सभा उठून गेली. चराईबंदी मागणारे होते आंबा बागायतदार आणि त्यांच्यासोबत गावात परतून राहिलेली, सड्यावरची फुलं नावानिशी ओळखणारी तरुण मुलं. मोकाट गुरांनी सडा बोडका केलाय, माती धुपून चाललीय, तेव्हा पाच वर्षं एकही जनावर वर जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. समोर होते ते ज्यांच्या गोठ्यात अजून चार-सहा गुरं आहेत. "गुरां काय वारा खाऊन ऱ्हातील?" असं त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पुढे कुणी कुणाचं ऐकलंच नाही. एका बाजूने फोनवरचे फोटो, दुसऱ्या बाजूने वाडवडिलांचा दाखला. देवगडकडचे आणि लांज्याकडचे मित्र सांगतात, त्यांच्याकडेही हा वाद असाच चालतो आणि असाच अर्ध्यावर सुटतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सड्याचं नुकसान झालेलं आहे आणि वाडीलगतचं नुकसान चराईनेच झालेलं आहे. तरीही सरसकट बंदी हा त्यावरचा चुकीचा उपाय आहे. दोन्ही बाजू गुरांची डोकी मोजत बसल्या आहेत, मोजायला हवेत ते दिवस. एकदा खुडलेला गवताचा कोंब पुन्हा गुराच्या तोंडी लागण्याआधी त्याला किती दिवस मिळाले, यावर त्या जमिनीचं बरंवाईट ठरतं. पूर्वी हे दिवस गुराखी ठरवायचा. तो गेला, गुरं आपल्या मर्जीने फिरू लागली, आणि गुरांची मर्जी म्हणजे जिथे कोवळं तिथे रोज.

बंदी मागणाऱ्यांना जे दिसतं ते खोटं नाही. भाद्रपदात मी मुद्दाम आमच्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर गेलो आणि दोन ठिकाणी गुडघ्यांवर बसलो. पहिली जागा पाखाडी संपते तिथली. ऐन गवताच्या दिवसांत तिथलं गवत दोन बोटांपेक्षा उंच नव्हतं, जमिनीला चिकटून आडवं वाढलेलं. मधे मधे टाकळा मात्र गुडघ्याच्या वर गेलेला, कारण त्याला गुरं तोंड लावत नाहीत. खुरांचे ठसे एकात एक मिसळून जमीन सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट झालेली, आणि ठशांत लाल पाणी साचलेलं. छत्रीच्या टोकाने उकरलं तर बोटभर खाली कातळ लागला. दुसरी जागा तिथून चाळीस पावलांवर, चुलत्यांच्या जुन्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत. तिथलं बेडं, म्हणजे फाटक, बारा महिने बंद, गुरं शिरत नाहीत. जमीन तीच, पाऊस तोच. गवत मांडीला लागत होतं. बुडाशी हात घातला तर माती भुसभुशीत, गांडुळांनी वर काढून टाकलेल्या मातीच्या बारीक गुंडाळ्या बोटांना लागल्या. छत्रीचं टोक चार बोटं सहज आत गेलं.

हा फरक कशाने पडतो? गवताची वाढ शेंड्यावरून होत नाही, बुडाकडून होते. म्हणून तर वरचा पाला खाल्ला तरी ते मरत नाही, पुन्हा फुटतं. पण मुळांचं अन्न तयार होतं पाल्यातच. १९५५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने वेगवेगळी गवतं कापून त्यांच्या मुळांची वाढ मोजली होती. निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांवर फारसा परिणाम होत नाही, पण नव्वद टक्के पाला एकदाच काढला तर मुळांची वाढ दोन आठवड्यांहून जास्त दिवस ठप्प होते, असं त्यात दिसलं. आता पाखाडीच्या तोंडावरचा कोंब डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन आठवडे सोडा, दोन दिवस मिळत नाहीत. फुटला की खाल्ला. मुळं आखूड होत जातात, आणि पहिल्यांदा जातं ते गुरांना सगळ्यात आवडणारं, वर्षानुवर्षं टिकणारं मारवेलसारखं गवत. मग कुसळी नावाचं गवत उरतं, मग ती हलकी, एका पावसाची गवतं, आणि शेवटी टाकळा नि रानमोडीसारखं तण. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या माऱ्याखाली मातीला धरून ठेवणारं मूळ नसेल आणि खुरांनी मातीची छिद्रं बुजवली असतील, तर पाणी मुरणार कुठे? ते माती घेऊन वहाळाला लागतं. देशावर फूटभर माती गेली तरी खाली आणखी असते. सड्यावर मुळात असते ती बोटभर.

आणि सड्याचं वेगळेपण मी कमी लेखत नाही. चैत्रात हा कातळ पाहून तिथे काही उगवत असेल यावर परक्याचा विश्वास बसत नाही. आषाढ-श्रावणात त्याच कातळाच्या खळग्यांत गेंद फुलतो, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर पसरते, किडे खाणारा दवबिंदू चमकतो. पहिल्या पावसाबरोबर येणारी दिपकाडी तर कोकणच्या सड्यांची स्वतःची. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. जांभ्याच्या पठारांवर वाढणाऱ्या ग्लायफोक्लोआ या गवताच्या जाती भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठे सापडत नाहीत. या झाडांचं सगळं आयुष्य तीन-चार महिन्यांत आटपतं. त्या काळात बी धरायच्या आधी खुराखाली आली तर पुढच्या वर्षीचं काय? हा प्रश्न विचारणारी मुलं माझ्या मते गावाचं भलं करतायत. त्यांच्यावर "शहरी फॅड" म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर पावसात सडा फिरावा.

पण त्या मुलांनाही माझं सांगणं आहे की पाखाडीच्या तोंडावर थांबू नका, पुढे चला. अर्धा-पाऊण तास चाललात की दुसराच सडा लागतो. तिथे गेल्या कित्येक वर्षांत गुराचं शेण पडलेलं नाही. खोलगट भागांत, जिथे थोडी जास्त माती आहे तिथे, छातीएवढी कुसळी उभी असते. ती कुणी कापत नाही, कुणी खात नाही. मार्गशीर्षात वाळते आणि माघ-फाल्गुनात कुणाच्या तरी विडीने नाहीतर बांध जाळताना उडालेल्या ठिणगीने पेटते. दरवर्षी कोकणात आंबा-काजूच्या बागा ज्या वणव्यात होरपळतात त्याचं सरपण हेच. म्हणजे एकाच गावात सड्याची एक कड खाऊन खाऊन मेली आणि दुसरी न खाल्ल्याने जळाली. गुरांची संख्या हेच कारण असेल तर हे दोन्ही एकाच वेळी कसं घडतं? आणि माझ्या लहानपणी, घरोघरी नांगराची जोत होती, दोन गाई, एखादी म्हैस होती, तेव्हा सडा आजच्यापेक्षा वाईट असायला हवा होता. तसं नव्हतं. पॉवर टिलर आला, बैल गेले, माणसं मुंबईला गेली. आमच्या वाडीत गुरं आज पूर्वीच्या निम्मीही नाहीत.

बदललं ते राखण्याचं काम. भात उभं असेपर्यंत गुरं सांभाळावीच लागत, नाहीतर शेजाऱ्याचं पीक जायचं आणि भांडण घरावर यायचं. म्हणून आमच्या वाडीत ज्येष्ठापासून कापणीपर्यंत घरटी पाळी असे. सकाळी सगळी गुरं एकत्र करून वर न्यायची, आज या अंगाला, उद्या त्या अंगाला. सड्याचा काही भाग कापायच्या गवतासाठी ठेवलेला. तिथे दसऱ्यापर्यंत गुरू फिरकू द्यायचं नाही. मग कापणी, भारे, अंगणात उडवी, म्हणजे वाळल्या गवताची रचलेली रास. तोवर त्या गवताचं बी खाली पडलेलं असायचं. हे सगळं कुणी निसर्ग वाचवायला करत नव्हतं, भात वाचवायला करत होते. सडा वाचला तो त्या ओघात. आता भाताची खाचरं पडीक आहेत. वाचवायला भातच नाही, तर राखण कशाला? म्हणून गुरं बारा महिने मोकळी. वर हाकणारा कुणी नसला की ती वर जात नाहीत, वाडीच्या आणि रस्त्याच्या आसपास घुटमळतात. पावसाळ्यातल्या रात्री महामार्गाच्या कोरड्या डांबरावर बसलेली गुरं आणि पाखाडीच्या तोंडावरचं बोटभर गवत ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

यावर माझी एक शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "तू जुन्या काळाचं गोडवं गातोयस. राखायला कोण जायचं ते सांग की." तिचा मुद्दा खरा आहे. पाळी नावाला घरटी होती. प्रत्यक्षात जायचा तो ज्याच्या घरी शाळेची फी नव्हती त्याचा मुलगा, आणि बऱ्याचदा शेरभर भातावर. वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या, जमिनीवर कुणाची गुरं चरतील हे एके काळी खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणारे वतनदार, ठरवायचे. त्या खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १० जानेवारी १९३८ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, आणि १९४९च्या कायद्याने ती गेली, हे कोकणाच्या इतिहासातलं मोठंच काम झालं. राखणारा पोरगा शाळेत गेला तेही योग्यच झालं. माझी तक्रार त्यानंतरच्या गोष्टीची आहे. फुकट किंवा जवळजवळ फुकट होणारं काम बंद पडलं तेव्हा त्या कामाची किंमत काय होती हे आपण कधी मोजलंच नाही. शिवारातली विहीर फुकट होती, म्हणून नळपाणी योजनेला पैसे द्यायचे नाहीत असं आपण म्हणतो का?

बंदीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद असतो, आणि तो बराच शिकलेला आहे. सामायिक जागा अशीच उजाड होते, कारण प्रत्येकाला एक गुरू वाढवण्यात फायदा दिसतो आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. १९६८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी कुरणाचंच उदाहरण घेऊन हे मांडलं आणि जगभर ते म्हणीसारखं वापरलं गेलं. पण हार्डिन यांचं कुरण असं होतं जिथे कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी नियम करत नाही. खरी गावं अशी असतात का? अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हेच तपासलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दिलेल्या उदाहरणांतलं एक स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल या डोंगरी गावाचं. तिथे १५१७ साली लिहून ठेवलेला नियम होता की हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या वैरणीवर जगवता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर सोडायच्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या अंगणातली उडवी आठवली. उडवी केवढी रचली गेली यावरून आजोबा ठरवायचे, यंदा पाडा ठेवायचा की विकायचा. आमचा नियम कागदावर नव्हता एवढंच. सड्याचा तुकडा सातबाऱ्यावर कुणाच्या ना कुणाच्या नावावर असतोच, कधी एकाच उताऱ्यावर मुंबई-ठाण्यातली चाळीस नावं. पण गवत सगळ्यांचं, आणि म्हणून राखणही सगळ्यांची.

आता बंदीकडे येऊ. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव अभयारण्य राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा १९८२ साली तिथली म्हशींची चराई बंद केली गेली. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बंदीचा सल्ला पक्ष्यांवर जीव असणाऱ्या जाणत्या लोकांचाच होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच काही वर्षं तिथे अभ्यास केला, तेव्हा उलटच दिसलं. म्हशी खात होत्या ते गवत आता पाण्यावर माजलं, पाणथळी भरू लागल्या, आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी केली त्यांचीच जागा आकसली. मला माहीत आहे, भरतपूर पाणथळ आहे आणि आमचा सडा कातळ. अगदी उघड्या कातळावर, जिथे बोटभरही माती नाही, तिथे उंच गवत माजण्याची भीती नाही. तिथे आषाढ-श्रावणात खुरांपासून संरक्षणच हवं, आणि तेवढ्या भागाला तेवढ्या काळापुरती बंदी मी स्वतः मागेन. पण सड्यावर सगळीकडे कातळच नसतो. मातीच्या खोलगट भागांत चराई पाच वर्षं थांबली तर काय होतं ते बघायला भरतपूरला जायची गरज नाही, तो पुढचा जळका सडा आपल्याच गावात आहे. उघड्यावर अंडी घालणारी माळटिटवी छातीएवढ्या कुसळीत घरटं करत नाही.

शिवाय बंदी अमलात कोण आणणार? गुरं काही पाटी वाचत नाहीत. १८७१पासून कोंडवाड्याचा कायदा आहे. आमच्या कोंडवाड्याच्या भिंतीत आज पिंपळ उगवलाय. सोडवायला येणारा मालक नाही, मग कोंडलेल्या गुराला वैरण कुणी घालायची, म्हणून कोंडणंच थांबलं. अशा गावात बंदीचा ठराव झाला तर तो लागू होईल फक्त दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईला, कारण तिची गुरं ओळखीची आहेत. बेवारशी बैल तसेच फिरत राहतील. आपल्याकडे हे याआधी घडून गेलंय. जंगलखात्याने डोंगर आणि गायरानं ताब्यात घेतल्यावर शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना रानचा वारा खायलाही जागा उरली नाही, असं महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलं. ग्रामसभेतल्या आजोबांनी ते वाचलेलं नाही, तरी तोंडी शब्द तोच आला. २५ सप्टेंबर १९३०ला उरणजवळ चिरनेरच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला आणि गोळ्या झेलल्या, त्यामागेही रानावरच्या हक्काचीच चीड होती. बंदी हा शब्द गुरं राखणाऱ्याच्या कानाला कसा लागतो, हे मागणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

मग पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न. बागायतदारांनी आपलाच हिशेब मांडावा. दरवर्षी घाटावरून ट्रकने शेणखत येतं, त्याला ते पैसे मोजतात, आणि आपल्याच गावातल्या गुरांचं शेण महामार्गावर चिरडलं जातं. वणव्याच्या भीतीने बागेभोवती गवत काढायला गडी लावतात, आणि तेच गवत कातळापलीकडे फुकट खाऊ शकणारी गुरं वाडीत उपाशी फिरतात. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हापासून वरकस जमिनीवर कलमं उभी राहिली, गडगे झाले. त्यातून अनेक घरं सावरली, आमचंही. पण गुरांची जुनी वाट त्या गडग्यांनीच अडवली, हेही तितकंच खरं. रायगडात दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन उतरतात, आणि रात्री मेंढ्या खाचरात बसवल्या की शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. लेंडीची किंमत शेतकऱ्याला कळते, आणि कळप एका जागी फार दिवस थांबत नाही. आपल्या सड्यासाठी दोन मोठी माणसं, महिन्याच्या पगारावर, ही काही न पेलणारी गोष्ट आहे का?

सगळ्यात अवघड मुद्दा बेवारशी बैलांचा. २०१५पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्यावर मतं काहीही असोत, ज्याला काम नाही तो बैल विकला जात नाही आणि गोठ्यातून सुटतो, हे वाडीवाडीत दिसतं. मालक नसलेल्या गुराच्या राखणीचे पैसे कुणाकडून घ्यायचे? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण बेवारशी म्हणतो त्यातल्या कित्येकांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, म्हणजे नोंद आहे, म्हणजे कधीतरी मालक होता. त्याला बोलावून विचारणं ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे. उरलेली गुरं गावाची म्हणून कळपात घ्यावी लागतील. ती आजही गावचंच गवत खातात, फक्त वाईट जागी.

चुलत्यांशी माझं बोलणं झालंय. गडग्याआतला तुकडा यंदा दिवाळीनंतर कापायचा आणि मग बेडं महिनाभर काढून ठेवायचं. वरच्या वाडीतला एक माणूस, पूर्वी मुंबईत गिरणीत होता, राखणीला तयार आहे. त्याने सांगितलेला पगार मी कागदावर लिहून घेतलाय. पाखाडीच्या तोंडाला श्रावणाआधी सहा आठवडे गुरांना थांबू द्यायचं नाही, ही त्याची अट आहे, माझी नाही. येत्या ग्रामसभेत तो कागद बागायतदारांसमोर ठेवणार आहे.